बेशुद्धीचा सराव

शिट्टीबाईंच्या पित्ताशयात खडे झाले आणि त्याचा सगळ्यात जास्त ताप झाला तो त्यांच्या नवऱ्याला. खडे बाईंचे, पोट बाईंचं, ऑपरेशनही बाईंचंच होणार होतं. पण या बाईंचं काहीही दुखलं तरी घरादाराला कामाला लावल्याशिवाय ते बरं म्हणून होत नसे, हा आजवरचा अनुभव.

त्यांना शिट्टीबाई का म्हणत ते आधी सांगून टाकतो. पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या एका कारखान्यात त्या सेफ्टी ऑफिसर होत्या. चहूकडे पुठ्ठाच पुठ्ठा, एक ठिणगी पडली की खेळ खलास. तेव्हा आग लागलीच तर कोणी कुठल्या दारानं पळायचं, कोणी कोणाला उचलायचं, याचा सराव बाई सगळ्यांकडून करून घेत. गळ्यात कायम शिट्टी. ती वाजली की सराव सुरू, पुन्हा वाजली की संपला. मधल्या वेळात "खरंच आग लागलीय का हो?" असं विचारायचं नाही, आणि कुणी विचारलंच तर सांगायचं नाही. कारण हा नुसता सराव आहे असा वास जरी आला, तरी माणसं हातात चहाचा कप घेऊन रमतगमत जिना उतरतात, हे बाईंनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. एकदा त्यांनी खुद्द मोठ्या साहेबांना 'धुरानं बेशुद्ध' म्हणून जिन्यात झोपवलं. साहेबांना उचलायचं काम ज्या दोघांकडे होतं, ते एकमेकांची वाट बघत राहिले. बाकीचे लोक साहेबांना ओलांडून जेवायला गेले आणि जेवून ओलांडूनच परत आले. साहेबांनी हूं की चूं केलं नाही, कारण शिट्टी वाजली नव्हती. बाईंचा दरारा म्हणजे असा होता.

"जे सरावात जमत नाही, ते प्रसंगात जमत नाही," असं त्या उठता बसता म्हणायच्या. घरातल्यांना ते इतकं पाठ झालं होतं की बाईंनी 'जे' म्हटलं की तिघंही माना डोलावून मोकळे होत.

तर डॉक्टर म्हणाले, "अहो, छोटंसं ऑपरेशन आहे. दुसऱ्या दिवशी घरी जाल."

"आणि नाही गेले तर?"

"म्हणजे?"

"मेले तर मिटलंच हो, त्याचं काही नाही. मी मधे अडकले तर काय, ते विचारतेय."

डॉक्टरांच्या आख्ख्या कारकिर्दीत खड्यांच्या पेशंटनं हा प्रश्न केला नव्हता. त्यांनी कपाळ खाजवलं, कपाट उघडलं आणि जिवंतपणीच्या इच्छापत्राचा एक कागद काढून दिला. परत शुद्धीवर येण्याची आशाच उरली नाही, नुसतं यंत्रावर श्वास चालू आहे, अशी वेळ आली तर आपलं काय करावं हे माणसानं आधीच लिहून ठेवायचं. खाली दोन साक्षीदारांच्या सह्या. आणि मधे एक रिकामी ओळ: आपल्या वतीनं शेवटचा शब्द कोण देणार, त्या माणसाचं नाव.

काय हवं हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. त्यांचा थोरला भाऊ असाच मधे अडकला होता. महिने गेले. डॉक्टर रोज विचारायचे, आणि घरातला जो तो म्हणायचा, थोडं थांबू या. कुणाचं काळीज होईना. शेवटी त्या भावाच्या अंगाचं जे काही झालं, ते बाईंनी पाहिलं होतं आणि त्याबद्दल त्या कधीही, कुणाशीही बोलत नसत. आपलं तसं होऊ नये, एवढंच त्यांना हवं होतं. त्यासाठी फक्त एक माणूस हवा होता, वेळ आल्यावर डॉक्टरांच्या डोळ्याला डोळा भिडवून 'बंद करा' म्हणणारा. दोन शब्द, बास.

अडचण अशी होती की घरात तसा माणूसच नव्हता.

नणंद होत्या. बाईंच्या नवऱ्याची थोरली बहीण. वर्षानुवर्षं यांच्याकडेच राहणाऱ्या, मायाळू म्हणाल तर इतक्या की तुटलेली छत्रीसुद्धा टाकवत नसे. "असू दे, मेली काय खायला मागतेय?" म्हणून त्यांनी पलंगाखाली एक आख्खं छत्र्यांचं इस्पितळ थाटलं होतं. त्या यंत्र बंद करायला सांगतील, हे स्वप्नातही शक्य नव्हतं.

लेक होती. ती कुरिअर कंपनीच्या तक्रार विभागात फोनवर बसायची. 'हो' किंवा 'नाही' म्हणायला तिला कंपनीतून सक्त मनाई होती, आणि ती सवय आता रक्तात उतरली होती. जेवायला बसतेस का, एवढं विचारलं तरी "तुमचा मुद्दा माझ्या लक्षात आला आहे" असं म्हणायची.

आणि मग उरले मास्तर, म्हणजे बाईंचे यजमान. हे शिवणकाम करणारे मास्तर. बोटांत जादू, पण कापड एकदा कापलं की परत जुळत नाही ही धास्ती त्यांनी आयुष्यभर इतकी बाळगली की दुकानात कात्री उचलण्याआधी ते गिऱ्हाइकाकडून तीन तीनदा वदवून घेत. घरात तर कात्रीचा प्रश्नच नव्हता. घरात सगळ्याला एकच उत्तर: "तू म्हणशील तसं." लग्नाला होकारसुद्धा त्यांनी याच शब्दांत दिला होता, आणि तोही आपल्या आईला.

"तुमचं नाव घालतेय," बाई म्हणाल्या.

"तू म्हणशील तसं," मास्तर म्हणाले.

"अहो, मी म्हणू शकणार नाही, तेव्हाचंच तर बोलणं चाललंय!"

मास्तर विचारात पडले. असा काळ येऊ शकतो हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

बाईंनी रविवारी दुपारी सराव ठेवला.

बैठकीच्या खोलीतला दिवाण इस्पितळाची खाट झाला. बाई त्यावर आडव्या झाल्या, छातीपर्यंत चादर ओढली. नाकाशी चिकटपट्टीनं एक प्लास्टिकची नळी लावली. नळीचं दुसरं टोक उभ्या पंख्याच्या जाळीला बांधलं, कारण पंखा हे श्वासाचं यंत्र होतं. लेक डॉक्टर. नणंद म्हणजे नातेवाईक, त्या तशाही होत्याच. मास्तर खुर्चीत, हातांची घडी मांडीवर, शाळेत फोटोला बसवल्यासारखे.

"मी पूर्ण बेशुद्ध आहे," बाईंनी सूचना दिल्या. "मला काही ऐकू येत नाही. डॉक्टर विचारतील. तुम्ही 'बंद करा' म्हणायचं. मग डॉक्टर पंख्याचं बटण बंद करतील. तेवढं झालं की मी शिट्टी वाजवीन. मधे कुणी आलं गेलं तरी सराव मोडायचा नाही. कळलं?"

आणि शिट्टी वाजवून त्या बेशुद्ध झाल्या.

लेक घसा खाकरून म्हणाली, "आम्हाला कळवायला खेद होतो की पेशंट शुद्धीवर येण्याची शक्यता नाही. यंत्र चालू ठेवायचं की बंद करायचं, याबाबत आपली पसंती सांगा."

पंखा घुं घुं करत होता. बाहेर ऊन नुसतं भाजत होतं.

"बंद कशाला करता?" नणंद म्हणाल्या. "एवढं उकडतंय."

"ताई, तो पंखा नाही, ते यंत्र आहे," बाई डोळे मिटून म्हणाल्या.

"मग यंत्र बंद कर नि पंखा राहू दे."

"आत्या, पेशंटशी बोलू नका, त्या बेशुद्ध आहेत," लेक म्हणाली. "बाबा, आपण लाइनवर आहात ना?"

मास्तर लाइनवर होते. त्यांनी पंख्याकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं. मग खुर्ची पुढे ओढून ते बाईंच्या कानाशी वाकले आणि हळूच म्हणाले, "अगं, तू बेशुद्ध आहेस ते मान्य. पण एवढंच सांग, काय करू?"

"मी बेशुद्ध आहे!"

"हो हो, राहा की. नुसती मान हलव."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण बेशुद्ध माणसाला ओरडायची सोय नाही. त्यांनी दात ओठ खाऊन पडून राहणं पसंत केलं. लेकीनं प्रश्न पुन्हा विचारला. मास्तर म्हणाले, "तुम्ही डॉक्टर आहात, तुम्ही म्हणाल तसं." पुन्हा विचारला. मास्तर म्हणाले, "ताई म्हणेल तसं." ताई म्हणाल्या, "थोडं थांबू या." सगळी गाडी फिरून पुन्हा त्याच स्टेशनात, आणि बाईंच्या मिटल्या डोळ्यांपुढे त्यांचा भाऊ येऊन उभा राहिला. आता मात्र त्यांना खरोखरच भीती वाटली. ही सगळी आपलीच माणसं, जीव लावणारी, आणि हीच आपल्याला तसं पडू देतील. नुसत्या मायेपोटी पडू देतील.

नेमक्या त्याच वेळी समोरच्या काकू उसनी नेलेली शिडी परत द्यायला आल्या. दार उघडंच होतं. त्यांनी दिवाण पाहिला, नळी पाहिली, शेजारी मान खाली घालून बसलेले मास्तर पाहिले, आणि शिडी धाडकन सोडून दिली.

"अगो बाई! ऑपरेशन तर पुढच्या आठवड्यात होतं ना?"

सराव मोडायचा नाही, हे तिघांनाही पाठ होतं.

"काय झालं हो? बोला की कुणीतरी!"

"पेशंट शुद्धीवर येण्याची शक्यता नाही," लेक म्हणाली. तिला तेवढंच वाक्य ठाऊक होतं.

काकूंनी पदर तोंडाला लावला आणि आल्या पावली पळाल्या. आता काय होणार हे बाईंना पडल्या पडल्या कळलं. उठून काकूंना हाक मारावी असं क्षणभर वाटलं. पण साहेब जिन्यात पडून राहिले होते आणि त्यांनी तोंडातून ब्र काढला नव्हता. आपणच घातलेला नियम आपण कसा मोडायचा? आणि दुसरं म्हणजे, दोन शब्द अजून यायचे होते. ते आल्याशिवाय शिट्टी वाजवायची नाही, असा त्यांचा हट्ट होता.

काकू परतल्या त्या इमारतीच्या सेक्रेटरींना घेऊन. हे गृहस्थ जन्मजात सेक्रेटरी. लिफ्टमध्ये तीन माणसं जमली तरी ते सभा सुरू करत. त्यांनी आत येताच चपला काढल्या, हात जोडले, दिवाणापाशी उभं राहून एक मिनिट स्तब्धता पाळली आणि मग खुर्ची घेतली.

"प्रश्न नेमका काय आहे?"

"यंत्र चालू ठेवायचं की बंद करायचं," लेक म्हणाली.

"हे यंत्र?" त्यांनी पंख्याकडे बोट केलं.

"हो."

"हल्ली घरच्या घरी बरीच सोय झाली म्हणायची," सेक्रेटरी कौतुकानं म्हणाले. "ठीक आहे. कुटुंबीयांचं एकमत आहे का?"

"हा काही बोलतच नाही," नणंद म्हणाल्या. "मी म्हणते, थोडं थांबू या."

"आणि माझ्या मावसबहिणीच्या सासऱ्यांचं ऐका," काकू रडता रडता म्हणाल्या. "डॉक्टरांनी हात टेकले होते, आणि आता रोज फिरायला जातात. काही बंद बिंद करू नका."

"बरं, पेशंटचं स्वतःचं मत काय होतं?"

"तिचं काय, तिला सगळं बंदच करायचं असतं," नणंद म्हणाल्या. "माझ्या छत्र्यासुद्धा टाकायला निघाली होती."

"मग त्यांचा विरोध नोंदवून घेऊ. पण त्या मतदानाला हजर नाहीत." सेक्रेटरींनी खिशातून पेन काढलं. त्यांच्या अंगात आता चांगलंच वारं शिरलं होतं. "एक बाजू म्हणते चालू, एक बाजू म्हणते बंद. अशा वेळी मधला मार्ग काढावा. पंखा सध्या कितीवर आहे?"

"तीनवर."

"एकवर आणू."

खोलीत एकदम सगळ्यांचे चेहरे उजळले. वा, हे कसं कुणाला सुचलं नाही! एकवर म्हणजे पूर्ण चालूही नाही आणि पूर्ण बंदही नाही. काकूंनी अनुमोदन दिलं. नणंदेनं हात वर केला. "आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे," असं म्हणत लेकीनं बटण फिरवलं, आणि पंखा रडतखडत फिरू लागला.

बाई आतून उकळत होत्या. एकवर! आयुष्यभर ज्या बाईनं कुठलंही काम अर्धवट सोडलं नाही, तिला हे लोक एकवर ठेवणार होते! मोठमोठ्यानं ओरडावं, नळी उपटून सेक्रेटरींच्या गळ्यात घालावी असं त्यांना वाटलं. घामाच्या धारा लागल्या होत्या. केस कपाळाला चिकटले होते, आणि बेशुद्ध माणसाला कपाळ पुसायची मुभा नाही.

"चहा टाकू का सगळ्यांना?" नणंद म्हणाल्या.

"अर्धा कप," सेक्रेटरी म्हणाले. मग आवाज खाली आणून, "मास्तर, ही वेळ नाही खरं तर. पण बाईंच्या स्कूटरची पार्किंगची जागा. तिच्यासाठी दोघं जण थांबलेत. घाई नाही. एकवर आहे तोवर असू दे."

मास्तरांचं लक्षच नव्हतं. ते बाईंच्या कपाळाकडे बघत होते. त्यांनी खिशातून रुमाल काढला, कापड इस्त्रीखाली सरळ करावं तशा हातानं बाईंच्या कपाळावरचे केस बाजूला केले आणि घाम टिपला. मग रुमालाची घडी घालून खिशात ठेवली.

"बंद करा," ते म्हणाले.

आवाज काही मोठा नव्हता, पण साफ होता. लेक पंख्याच्या बटणापाशी हात तसाच धरून उभी राहिली, बटण कुठल्या बाजूला फिरवावं तेच तिला सुचेना. सेक्रेटरी म्हणाले, "मास्तर, पण ठराव झालाय."

"बंद करा," मास्तर पुन्हा म्हणाले. कुणी हललं नाही. तेव्हा ते स्वतः उठले, पंख्यापाशी गेले आणि बटण बंद केलं. पाती फिरता फिरता मंदावली आणि थांबली.

सराव यशस्वी झाला होता. बाईंनी आता शिट्टी वाजवायची होती. त्यांचा हात चादरीखाली शिट्टीवर गेलाही. पण काय झालं कुणास ठाऊक, तो तिथेच थांबला. जमलं की यांना! इतकं सरळ? दोनदा म्हणाले, आणि वर उठून स्वतःच्या हातानं केलं. एवढी वर्षं साधं भाजीला काय हवं ते सांगता आलं नाही, आणि हे बरं आलं सांगता. ज्या दोन शब्दांसाठी एवढा आटापिटा केला, तेच आल्यावर बाईंना रडू फुटायला लागलं, आणि स्वतःचाच राग आला.

"केलंस रे बाबा," नणंद पुटपुटल्या. "कसा धजावलास?"

"तिला नको होतं म्हणून केलं," मास्तर म्हणाले. ते अजून पंख्यापाशीच पाठमोरे उभे होते. "मला विचाराल तर मला चालू हवं होतं. तीनवर. कितीही दिवस. ती नुसती पडून राहिली असती तरी मला चाललं असतं. पण मला कोण विचारतंय?"

आणि हा माणूस तोंड भिंतीकडे करून हुंदके देऊन रडायला लागला. तो सराव करत नव्हता. हा सराव आहे हेच तो विसरला होता.

शिट्टी राहिली चादरीतच. बाई उठून बसल्या.

पुढचं दृश्य काय वर्णावं! काकूंनी जी किंकाळी फोडली ती खालच्या रस्त्यावर ऐकू गेली असेल. सेक्रेटरी खुर्चीसकट मागे सरकले. चहासाठी काढलेला कप नणंदेच्या हातून पडून फुटला. बाईंनी नाकावरची चिकटपट्टी टर्रकन ओढली, मिशीच्या जागेचे चार केस तिच्याबरोबर गेले, पण त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं.

"अगं, तू जिवंत आहेस?" काकू किंचाळल्या.

"काकू, जरा थांबा हो! अहो, इकडे बघा. इकडे बघा म्हणते ना."

मास्तर वळले. डोळे लाल, नाक लाल.

"तुम्हाला हवं होतं, तर बोलला का नाहीत?"

"तू कागदावर आधीच लिहिलं होतंस."

"कागदाचं नाही विचारत. कधीच का बोलला नाहीत? मला वाटायचं तुम्हाला काही हवंनको नसतंच."

"असतं की," मास्तर म्हणाले. नाक पुसून त्यांनी जरा विचार केला. एकदा सुरुवात झालीच होती. "हे पडदे मला कधी आवडले नाहीत."

"तुम्हीच तर शिवलेत!"

"शिवताना रोज नवीन शिवी यायची तोंडात. आणि दिवाण खिडकीपाशी हवा होता. आणि मला चहात आलं आवडत नाही."

"बाबा!" लेक म्हणाली. मास्तर तिच्या जन्मापासून आलं घालून चहा पीत होते.

बाई आ वासून बघत राहिल्या. कारखान्यात कोणत्या वायरीचं आवरण कुठे गेलंय, कुठल्या दाराची कडी सैल आहे, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यायचं. आणि घरात हा एक आख्खा माणूस राहत होता, त्याला पडद्याचा रंग नको होता आणि चहात आलं नको होतं, याचा त्यांना पत्ता नव्हता. त्यांना लाज वाटली. शिट्टीबाईंना लाज वाटली, हे नोंद करण्यासारखं आहे, कारण पुन्हा तसं झाल्याचं कुणी ऐकलं नाही.

"कागद आणा," त्या लेकीला म्हणाल्या. कागद आला. रिकाम्या ओळीवर त्यांनी मास्तरांचं नाव लिहिलं. मग पेन तसंच धरून विचारलं, "तुम्ही 'बंद करा' म्हणणार, हे मला आता कळलं. पण त्याच्या आधी तुम्हाला किती वेळ हवा?"

"म्हणजे?"

"यंत्र चालू ठेवायला. माझ्यासाठी नाही, तुमच्यासाठी. सांगाल तेवढा लिहिते."

"तू म्हणशील..." मास्तरांच्या तोंडातून सवयीनं निघालं. ते थांबले. सगळे त्यांच्याकडे बघत होते. बाईंच्या जिभेवर एक आकडा आला होता, पण त्यांनी जीभ दातांखाली धरली. आयुष्यात इतकं अवघड काम त्यांनी कधी केलं नव्हतं.

"एक सकाळ," मास्तर शेवटी म्हणाले.

"एकच?"

"पुरे. तू उठायच्या आधी मी रोज जागा होतो. तुझ्याकडे बघत पडून राहतो. उठलीस की तुझी गडबड सुरू होते, मग काही बघता येत नाही. तेवढं एकदा शेवटचं करू दे. मग म्हणतो मी बंद करा."

"रोज?" बाईंनी विचारलं.

"रोज."

बाईंनी लिहिलं. सेक्रेटरींनी खांद्यावरून वाकून वाचलं आणि म्हणाले, "सकाळ म्हणजे किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, ते स्पष्ट हवं. नाहीतर पुढे वाद होतात."

"तुम्ही साक्षीदार म्हणून सही करा आणि गप्प बसा," बाई म्हणाल्या. सेक्रेटरींनी सही केली. दुसरी सही काकूंनी केली, नजर अजून बाईंवरच खिळलेली होती, त्यामुळे ती सही कुणालाच वाचता येणार नव्हती.

इस्पितळात डॉक्टरांनी तो कागद वाचला. 'एक सकाळ' पाशी ते अडखळले, वर बघितलं. याचा वैद्यकीय अर्थ काय, असं काहीतरी विचारणार होते बहुधा. पण बाईंच्या गळ्यातली शिट्टी त्यांनी पाहिली आणि कागद फाइलला लावून टाकला. शिट्टी मात्र नर्सनं काढून घेतली. ऑपरेशन खरोखरच छोटं निघालं. खडे निघाले, बाई दुसऱ्या दिवशी घरी आल्या, आणि डॉक्टरांचा जीव भांड्यात पडला.

घरी आल्यानंतरच्या पहिल्या सकाळी बाईंना लवकर जाग आली. पोटाचे टाके ओढत होते, पाठ आखडली होती, आणि बाथरूमला तर अगदी तातडीनं जायचं होतं. शेजारी मास्तर जागे असल्याचं त्यांना श्वासावरून कळलं. बाईंनी डोळे उघडले नाहीत. होता होईल तितका वेळ तशाच पडून राहिल्या.